संथ व्हीलीसाठी दात्यांचे गणित

मोटारसायकलचे पुढचे चाक उचलून ती केवळ मागच्या चाकावर चालवणे म्हणजे व्हीली, आणि हीच कसरत माणसाच्या धावण्याइतक्या मंद गतीने, तोल ढळू न देता, बराच वेळ करणे म्हणजे संथ व्हीली. चाक उचलण्यापुरता जोर ६०० सीसीच्या गाडीत मुळातच असतो. अडचण येते ती चाक वर असताना गाडी पुरेशी हळू चालवण्याची, आणि म्हणूनच स्टंट करणारे चालक मागचे स्प्रॉकेट बदलतात ते मुख्यतः ताकद वाढवण्यासाठी नव्हे, तर वेग उतरवण्यासाठी, हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे लहान स्प्रॉकेट आणि मागच्या चाकावरचे मोठे स्प्रॉकेट यांना चेन जोडते. मागच्या दात्यांच्या संख्येला पुढच्या दात्यांच्या संख्येने भागले की अंतिम गुणोत्तर मिळते. अमेरिकेतील स्टंट चालकांची आवडती होंडा सीबीआर ६०० एफ४आय कारखान्यातून निघताना पुढे १६ आणि मागे ४६ दाते घेऊन येत असे, म्हणजे गुणोत्तर सुमारे २.८८, मागे ६० दात्यांचे स्प्रॉकेट बसवले की ते ३.७५ होते. ज्या फेऱ्यांवर इंजिन धक्के न देता चालते त्या फेऱ्यांना, समजा, पहिल्या गिअरमध्ये ताशी २४ किलोमीटर वेग मिळत असेल, तर या बदलानंतर तो १८ च्या आसपास येतो, आणि तोल साधायला शिकणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा असतो.

गाडी आणि चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मागच्या टायरच्या जमिनीवरील स्पर्शबिंदूच्या बरोबर वर आला की तोलबिंदू साधतो; तेथे पुढचे चाक वर ठेवण्यासाठी वेग वाढवत राहावे लागत नाही, म्हणून गाडी हळू चालू शकते. तोलबिंदूच्या मागे झुकणारी गाडी मागच्या ब्रेकने पुढे आणावी लागते आणि पुढे पडू लागलेली थ्रॉटलच्या हलक्या स्पर्शाने सावरावी लागते. पाय मागच्या ब्रेकवरून उचलून ही कसरत शिकू पाहणे धोक्याचे आहे, मग स्प्रॉकेट कितीही दात्यांचे असो.

गुणोत्तर वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे पुढचे स्प्रॉकेट लहान करणे, कारण पुढचा एक दाता कमी केला की मागचे सुमारे तीन दाते वाढवल्यासारखे होते. परंतु तो मार्ग लांबवर नेऊ नये. चेन स्प्रॉकेटवर वर्तुळाकार नव्हे, तर बहुभुजाकृती फिरते, त्यामुळे स्प्रॉकेटची गती एकसमान असली तरी चेनची गती प्रत्येक दात्यागणिक किंचित कमीजास्त होते. हा चढउतार १६ दात्यांवर सुमारे १.९ टक्के, तर १२ दात्यांवर सुमारे ३.४ टक्के असतो. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेनची प्रत्येक कडी अधिक वाकते आणि लवकर झिजते. मागचे स्प्रॉकेट वाढवण्यात हे दोष नाहीत, पण ६० दात्यांचे स्प्रॉकेट सुमारे ३०३ मिलिमीटर व्यासाचे असते, मूळचे सुमारे २३३. त्यामुळे चेनगार्ड काढावे लागू शकते, स्विंगआर्मपासूनचे अंतर तपासावे लागते आणि एफ४आयच्या चेनमध्ये साधारण आठ कड्यांची भर घालावी लागते.

यापुढचा परिणाम अनेकदा दुर्लक्षिला जातो. गुणोत्तर तीस टक्क्यांनी वाढले की चाकापर्यंत पोहोचणारा जोर वाढतो, आणि थ्रॉटल मिटल्यावर इंजिन चाकाला जे रोखते, ते रोखणेही तितकेच वाढते. म्हणून पहिल्या गिअरमध्ये मनगटाची बारीकशी चूकही पुढचे चाक धाडकन खाली आणू शकते. आयडल म्हणजे थ्रॉटल मिटलेला असतानाचे इंजिनचे फेरे वाढवून ठेवण्याची स्टंट चालकांची रीत यावरच आधारलेली आहे: फेरे अधिक राहिले की ब्रेक लावताना इंजिन बंद पडत नाही आणि ते रोखणेही सौम्य होते. शिकाऊ चालकाने मोठे स्प्रॉकेट बसवल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या बंदिस्त मैदानावर आणि पूर्ण संरक्षक पोशाखात सराव करणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण तेथे वेग थोडा जास्त राहत असला तरी थ्रॉटलचा प्रतिसाद मऊ असतो. पहिल्या गिअरकडे वळावे ते ब्रेकचा पाय विचार न करता काम करू लागल्यानंतरच.