वेग आणि वाटा

यंत्राचा वेग आकड्यात सांगण्याची चाल अलीकडे फार बोकाळली आहे. एखादी वस्तू घेताना तिच्या पेटीवर छापलेला आकडा आपण वाचतो, दाम मोजतो आणि तो आकडा आता आपल्या मालकीचा झाला अशा समजुतीने घरी येतो. परंतु वेग ही काही तांदळासारखी पोत्यात भरून आणावयाची वस्तू नव्हे. अनेकांच्या संमतीने चालणारा तो एक व्यवहार आहे, आणि त्यातील एकाही पक्षाने हात आखडता घेतला की पेटीवरचा आकडा पेटीवरच राहतो. हा विचार आमच्या मनात दृढ झाला तो कासारवाडीस, एका सर्व्हरचे झाकण उघडून बसलो असताना. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोहमार्गावर दापोडीच्या पुढचे स्टेशन ते कासारवाडी. एका अंगास रूळ, मधून मुंबईचा हमरस्ता, २०२२ पासून डोक्यावर मेट्रो, आणि शेजारीच भोसरीची कारखानदारी. येथे आमचा एक जुना विद्यार्थी मोटारींच्या सुट्या भागांसाठी लागणाऱ्या साच्यांचे आराखडे करून देतो. आठ तरुण आठ संगणकांपुढे बसतात आणि सर्व आराखडे एका सर्व्हरवर असतात. एकेक आराखडा इतका अवजड की सकाळी आठही जणांनी आपापले काम उघडले म्हणजे निम्मा तास वाट पाहण्यातच जावयाचा. कारण प्रत्येक संगणकास सेकंदाला १ गिगाबिटचा मार्ग होता, आणि सर्व्हरासही तेवढाच! आठ घागरींसाठी नळ एकच, तोही एका घागरीच्या बेताचा.

यावर उपाय म्हणून त्याने उसनवारी करून सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारे नेटवर्क कार्ड आणि त्याच्या जोडीचा स्विच आणविला. कार्ड बसले, ड्रायव्हर चढला, हिरवा दिवा लुकलुकला. एकेका संगणकावरून मोजले तर ०.९४ गिगाबिट, म्हणजे ठीकच; कारण पाठवावयाच्या मजकुराबरोबर पत्त्याची पाकिटेही वाहावी लागतात, त्यात थोडा भाग खर्ची पडतो. पण आठही जणांनी एकदम मागणी केली की सगळ्यांची बेरीज सव्वातीनच्या पुढे जाईना. विक्रेत्याने नवा सर्व्हर घेण्याचा सल्ला दिला. तेवढे कर्ज झेपणारे नव्हते. शेवटी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, शेवटी आलेल्या दोघांना पुढच्या महिन्यापासून नको म्हणून सांगावे लागेल असे दिसते. बसून राहण्याचा पगार मी कोठून देऊ?"

आम्ही पदार्थविज्ञान शिकवितो. संगणक दुरुस्त करणे हा आमचा धंदा नव्हे. तथापि सव्वातीन हा आकडा आम्हास स्वस्थ बसू देईना. दहाच्या जागी नऊ आले असते तर ते घर्षण म्हणून सोडून देता आले असते. सव्वातीन आले म्हणजे कोठे तरी काही निराळेच मोजले जात आहे. "तू कोणाला काही सांगू नकोस, आधी झाकण काढ," असे आम्ही त्यास म्हटले.

कार्ड ज्या खाचेत बसते तिला वाहतुकीचे पदर असतात; कोठे एक, कोठे चार, कोठे आठ किंवा सोळा. त्या पिढीच्या खाचेत एका पदरावरून सेकंदाला पाच अब्ज स्पंद जातात. पण दर आठ बिटांबरोबर दोन जादा बिटे सांकेतिक मांडणीसाठी जातात, म्हणून कामाचे उरतात चार अब्ज. त्यातून पत्ते व पोचपावत्या वजा केल्या की राहतात सुमारे सव्वातीन! आकडा ओळखीचा निघाला. कार्ड आठ पदरांचे होते. ज्या खाचेत ते बसविले होते ती दिसावयास सोळा पदरांएवढी लांब, पण आत तार जोडलेली एकाच पदराची. सर्व्हरास विचारले तर त्यानेही निमूटपणे तेच लिहून दाखविले: योग्यता आठ, चालू स्थिती एक. त्याला आजवर कोणी विचारलेच नव्हते, एवढेच.

मग खरी आठ पदरांची खाच कोठे होती? तिच्यात पडद्यावर चित्र दाखविणारे एक जुने कार्ड ठाण मांडून बसले होते. त्या सर्व्हरचा पडदा महिन्यातून एकदा उघडला तर उघडावयाचा. त्यास एक पदरही पुष्कळ झाला असता. पण ते आधी आले होते. मोक्याची जागा आधी आलेल्याने अडवावी आणि कामाच्या माणसाने अरुंद बोळात उभे राहावे, हा प्रकार वाचकांनी संस्थांतून आणि कुटुंबांतून पाहिला असेलच. दोघांची अदलाबदल केली. आठही जणांनी एकदम मागणी केली तेव्हा बेरीज साडेसात भरली. म्हणजे ज्याला त्याला त्याचा वाटा पुरता मिळाला.

एवढ्यावर संपले असते. पण दोन नव्या संगणकांवर एक चमत्कारिक खोड दिसू लागली. नावांची यादी दिसे, लहान कागद उघडत, आणि मोठा आराखडा मागितला की सारे स्तब्ध. तेथील एका उत्साही तरुणाने सर्व्हरवर आणि या दोन संगणकांवर, दर पुडक्याची मर्यादा नेहमीच्या १५०० बाइटांवरून ९००० वर नेली होती. मोठे पुडके म्हणजे पाकिटे कमी, हा त्याचा हिशेब बरोबर होता. दोन्ही टोके राजी होती. मधल्या स्विचास मात्र कोणी कळविले नव्हते. तो मर्यादेबाहेरचे पुडके मुकाट्याने टाकून देई आणि कोणास कळवीतही नसे. वरवरचे कुशलप्रश्न सुरळीत पोचतात आणि जड गोष्ट बोलावयास गेले की मध्येच नाहीशी होते, असे संसारातही घडते. आणि तेथेही दोष बहुधा दोन टोकांचा नसतो. शेवटी सर्वत्र १५०० च ठेवावयाचे ठरले. लहान खरे, पण सर्वांस मान्य.

या विद्येचा इतिहासही हेच सांगतो. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी या जोडणीची कल्पना मांडली आणि तिला ईथर या जुन्या पदार्थावरून नाव दिले. पदार्थविज्ञानाने जो ईथर निकालात काढला होता, तो तारेच्या रूपाने असा पुनर्जन्म पावला. आरंभी त्याचा वेग सेकंदाला तीन मेगाबिटांहूनही किंचित कमी होता. १० गिगाबिटांचे प्रमाण २००२ साली ठरले. ठरले म्हणजे अनेक कारखानदारांनी मान्य केले. एकट्याच्या वेगास येथे अर्थच नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तोही ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान लहान गणकांना एकमेकांशी जोडून. त्या प्रत्येक गणकास शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. पुढे जोडणीची कार्डे व स्विच हीही त्या संस्थेने परमनेट या नावाने स्वतः घडविली. गणित करणारा भाग बाहेरून घेता येतो, पण मेळ आपला आपणच बसवावा लागतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता चाकण, मंचर ओलांडून नारायणगावास जातो. तेथून जवळच, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आकाशातील रेडिओलहरी टिपीत उभ्या आहेत. काही २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात दूरदूर विखुरलेल्या. पण साऱ्यांचे संदेश काचतंतूंवरून एका इमारतीत येतात आणि तेथे प्रत्येकीचा प्रत्येकीशी मेळ घातला जातो. ३० दुर्बिणींच्या अशा जोड्या होतात ४३५. आकाशाचे चित्र कोणत्याही एका दुर्बिणीत नसते. ते या जोड्यांतून निघते.

कासार म्हणजे तांब्या-पितळेचा व्यवहार जाणणारा. भांडे पाहताना जुन्या बायका त्याची चकाकी पाहात नसत. बोटाने डाख चाचपीत, कारण भांडे गळावयाचे तर तेथेच. कासारवाडीत आज पितळेच्या जागी सिलिकॉन आले असले तरी ही पारख जुनी झालेली नाही. नवा सर्व्हर आला नाही. दोन तरुणांच्या खुर्च्या जागेवर राहिल्या. आणि त्या दहाच्या कार्डातून आजही कोणा एकाच्या पदरात दहा पडत नाहीत; प्रत्येकाच्या वाट्यास एकच येतो, पण तो सर्वांच्या वाट्यास येतो. मोठ्या वेगाचा याहून चांगला उपयोग आम्हास तरी ठाऊक नाही.