जोतिबाला कोणत्या वाटेने जावे?

चैत्री यात्रा जवळ आली की गावोगाव विचारणा होते, "साहेब, डोंगराला कुठून जावे?" कऱ्हाडकडून येणाऱ्यांनी वाठारला महामार्ग सोडावा. कोडोली, गिरोलीवरून डोंगर गाठता येतो, कोल्हापुरात शिरावे लागत नाही. कागल, निपाणीकडच्यांना कोल्हापूर, केर्ली हीच सोयीची वाट. शहरापासून वाडी रत्नागिरी १८ ते २० किलोमीटर. पायी चढणाऱ्यांना गायमुखाची वाट आहे.

एका चैत्रात मी वडिलांना हौसेने पायवाटेने नेले. निघायलाच दहा वाजले. अर्ध्या चढावर ते मटकन खाली बसले. सासनकाठीबरोबर चढणाऱ्या मंडळींनी पाणी दिले, गूळ दिला आणि हात धरून त्यांना वर आणले. वर गुलालात वडील हसले. माझी मान मात्र खाली होती. भर उन्हात बैल जुंपू नका, असे गावोगाव सांगणाऱ्याने बापाला उन्हात चढवले होते!

म्हणून मंडळी, नुसत्या अंतरावरून वाट ठरवू नका. बरोबर म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या असतील तर गाडीरस्ता धरा. पायीच जायचे तर उन्हे तापायच्या आत चढ संपवा. देवापुढे "चांगभलं" म्हणायला दम शिल्लक राहिला पाहिजे.