सोयाबीन शेतात, मग ताटात का नाही?

अमरावती-अकोल्याकडे दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणी होते आणि पोती थेट बाजार समितीत जातात. पैसा लागतोच, उधारी आणि शाळेची फी कुणाला चुकली आहे? पण मैत्रिणींनो, पूर्वी पऱ्हाटीसोबत पेरलेल्या तुरी-मुगाचा वाटा आधी घरात पडे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अमरावती केंद्रातून सोयाबीनचे नवे वाण निघाले, पीक वाढले. घरचा वाटा मात्र राहिला.

शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत साधारण २२. वाढत्या मुलांना आणि गरोदर बाईला ती हवीतच. घरचे दूध बरेचसे डेअरीत जाते, म्हणून मी सोयाबीनचे पनीर करू लागले. चीन-जपानात ते शेकडो वर्षे खातात. बाजारात त्याला टोफू म्हणतात.

पाव किलो दाणे रात्रभर भिजवावेत, चोळून साले काढावीत आणि गरम पाण्यात वाटावेत. त्याने उग्र वास कमी होतो. एकूण दोन लिटर पाणी घालून फडक्यातून गाळावे. हे दूध ढवळत पंधरा मिनिटे उकळावे. खाली उतरवून लिंबाचा रस हळूहळू घालावा. फाटले की फडक्यात बांधून वर वजन ठेवावे. चोथा टाकू नये. भाकरीच्या पिठात मिसळून नीट भाजावा.

सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "याला दुधाची चव नाही गं." खरेच आहे. नुसते सपक लागते. लसणाच्या झणझणीत रश्श्यात सोडले की संपते.

घट्ट दाबलेल्या शंभर ग्रॅम सोया पनीरात साधारण १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, दुधाच्या पनीरात १८ च्या आसपास. स्निग्धांश मात्र सोया पनीरात बराच कमी. लिंबाने फाडलेल्यात कॅल्शियमही कमी आणि बी-१२ जीवनसत्त्व नाही. म्हणून मुलांचे दूध तोडू नका.

कच्चे सोयाबीन पचत नाही. औषध लावलेले बियाणे तर धुऊनही खाऊ नका. खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले, तर त्याला देणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आठवड्याला पाव किलो धरले तर वर्षाला १३ किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याहूनही कमी. यंदा पोती शिवण्याआधी तेवढे चांगले वाळलेले दाणे घरासाठी बाजूला काढा.