शांतता राखण्याचा बाँड

गेल्या वर्षी अण्णांना चॅप्टर केसची नोटीस आली. दुधाच्या दरासाठी फाट्यावर रास्ता रोको झाला, त्यात ते होते. नोटिशीखाली 'तालुका कार्यकारी दंडाधिकारी' अशी सही होती.

"हे कोण?" मी विचारलं.

"अगं, तहसीलदारच. सातबाऱ्यावाले."

मी तेव्हा एमपीएससीचा अभ्यास करत होते. १२ मे १८७५, सुपे, सावकारांविरुद्धचा उठाव, एवढं मार्कांपुरतं पाठ होतं. त्या रात्री ते प्रकरण परत काढलं.

१५ मेला जिल्हा दंडाधिकारी सुप्यात पोहोचले. त्यांचा अहवाल म्हणजे मोजदाद आहे. सावकाराचं एक घर जळालं, डझनभर घरं फोडली. खतं, हिशेबाचे कागद, धान्य, कापड रस्त्यात जाळलं, राखेचे ढीग अजून तिथेच. पन्नास माणसं ताब्यात. नुकसान २५ हजारांवर, सावकारांच्या मते लाखावर.

त्या कागदांवर काय होतं, ते या मोजदादीत नाही. १८५९च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं केली होती. हेतू रयतेला वाचवण्याचा होता. सावकार मात्र दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायचा. अमेरिकेतलं युद्ध १८६५ला संपलं, कापसाचा भाव पडला, उधारी आटली. त्यातच सारा वाढला. सारा वसूल करणारा कलेक्टर आणि खटले भरणारा जिल्हा दंडाधिकारी, माणूस एकच.

पुणे-नगर मिळून ९५१ जणांना अटक झाली. पुढे आयोग बसला आणि १८७९चा कायदा आला. आता कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा लागणार होता. म्हणजे रयत सांगत होती तेच. पण अटका आधी झाल्या होत्या.

तारखेला मी अण्णांबरोबर तहसीलला गेले. वर्षभर शांतता राखीन, असा बाँड त्यांनी लिहून दिला. सही करण्याआधी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, "वाच गं." मी दोनदा वाचला. दुधाचा दर त्यात कुठेच नव्हता.

"करू सही?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

बाहेर येऊन त्यांनी झेरॉक्स घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी नेहमीसारखे डेअरीला दूध घालून आले. दर तोच होता.