सरांची झील

या स्मरणिकेत अनेक माजी विद्यार्थी शाळेच्या इमारतीविषयी, वसतिगृहातील पहाटेविषयी आणि भोजनगृहातील पंगतीविषयी लिहितील. ते रास्तच आहे. एकाच तुकडीतून बाहेर पडलेले आम्ही तिघे मात्र तळहाताएवढ्या एका लोखंडी डबीविषयी लिहिणार आहोत. संगीताचे सर ती डबी पायाशी ठेवून गात असत. तिला लूपर पेडल म्हणतात, हे आम्हांला फार पुढे कळले. शाळेत असताना आम्ही तिला ‘सरांचा खटका’ म्हणत होतो.

सर तरुणपणी जलशात गात होते. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ सालची. त्या चळवळीतून जलसे उभे राहिले आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी सर आम्हांला शिकवीत, तेव्हा त्या परंपरेचा हा धागाही उलगडून सांगत. जलशात एकटा गायक पुरत नाही. त्याने ओळ टाकायची आणि मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांनी ती उचलून धरायची. तेवढ्या अवकाशात गायकाला श्वास मिळतो आणि श्रोत्याच्या मनात शब्द ठसतो. सरांचे झीलकरी पोटापाण्यासाठी पांगले. एक वाळूजच्या कारखान्यात लागला, एक पुण्यास गेला, एक मुंबईस. सरांपाशी गिटार उरली आणि पुढे ही डबी आली.

आवाज गोल फिरवीत ठेवण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये पियेर शेफर यांनी १९४८ साली ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच स्वतःशीच जोडून तोच ध्वनी पुन्हा पुन्हा वाजविला होता. पुढे चुंबकीय फितीची वेटोळी आली आणि त्यानंतर हेच काम पायाखालच्या डबीत मावू लागले. एकदा खटका दाबला की ध्वनिमुद्रण सुरू होते, दुसऱ्यांदा दाबला की तेच वाजू लागते, तिसऱ्यांदा दाबला की त्यावर नवा थर चढतो. सर आधी गिटारची चाल भरीत, मग स्वतःच झील म्हणून तिचा थर चढवीत आणि मग ताठ उभे राहून मुख्य गाणे म्हणत. मागे तेच, पुढेही तेच. आम्ही पोरे थक्क होऊन पाहत राहत असू.

२०२१ साली सर गेले. वर्षभराने काकूंनी आम्हांला घरी बोलावले आणि कापडात गुंडाळलेली ती डबी आमच्यापुढे ठेवली. “बाळांनो, ह्याच्यात सरांचा आवाज हाय म्हणतात. तुम्ही शिकलेली पोरं. काढता येतोय का बघा,” एवढेच त्या म्हणाल्या.

पहिली चूक आमच्या हातून त्याच संध्याकाळी, सिडकोतील आमच्यापैकी एकाच्या खोलीवर, घडली. उत्साहाच्या भरात आम्ही डबीला वीज दिली आणि क्रमांक ११ चा कप्पा निवडून खटका दाबला. डबीवरील छोटा माइक चालूच होता. आवाज ऐकू येण्याऐवजी लाल दिवा लागला, म्हणजे डबी त्याच कप्प्यावर नवा थर चढवू लागली. आमच्यापैकी एक म्हणाला, “चालू झालं का रे?” ते मुद्रित झाले. घाबरून खटका पुन्हा दाबला. तो झिजलेला असल्यामुळे एकाच दाबात दोनदा लागला आणि आणखी एक थर चढू लागला. “बंद कर, बंद कर!” हेही त्यात गेले. डबी थांबताच केलेले बदल आपोआप जतन करीत होती. त्या रात्री आम्ही फारसे बोललो नाही. काकूंनी विश्वासाने दिलेल्या ठेवीवर आम्ही स्वतःचा आवाज उमटवून बसलो होतो.

त्यानंतर आम्ही एक नियम केला : खटक्याला पाय लावायचा नाही आणि मूळ वस्तूवर काम करायचे नाही. डबीला संगणकाची तार जोडता येत होती. तिच्या संपूर्ण स्मृतीची बाइटन्‌बाइट जुळणारी नक्कल काढली, ती तंतोतंत आहे याची पडताळणी केली आणि डबी पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली. त्या नकलेत चौदा कप्प्यांच्या चौदा फाइली सापडल्या, पण एकही फाइल कोणत्याही वादकात उघडेना. कंपनीने पूर्वी दिलेले सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर चालत नव्हते. तेव्हा स्वतःच काही लिहिणे भाग पडले. आमच्यातील एक जण कारखान्यात यंत्रदुरुस्ती करतो, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि एकाच्याच नोकरीचा संगणकाशी संबंध आहे. पुढचे कित्येक रविवार याच कामात गेले.

संगणकातील आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइटांचा, असतो. आम्ही तेच गृहीत धरून पहिली फाइल वाजविली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खडखडाट ऐकू आला. आठवडाभर आम्ही तो खडखडाट वेगवेगळ्या रीतींनी ऐकत होतो, पण गृहीत धरलेली गोष्ट तपासून पाहत नव्हतो.

उलगडा झाला तो डोळ्यांनी. फाइलीतील बाइट आम्ही पडद्यावर मांडले होते, एका ओळीत सोळा. त्यांत शून्यांची आणि २५५ च्या आकड्यांची एक तिरपी नक्षी उमटत होती. आमच्यातील शिक्षकाने सहज विचारले, “ओळीत बारा घेतले तर?” बारा घेताच नक्षी सरळ उभी राहिली. दर तिसरा बाइट बहुधा शून्य किंवा २५५ होता. हळू आवाजाच्या नमुन्यात सर्वांत वजनदार बाइट असाच असतो : धन आकड्यासाठी शून्य, ऋण आकड्यासाठी २५५. याचा अर्थ नमुना दोन बाइटांचा नव्हता, तीन बाइटांचा, म्हणजे २४ बिटांचा, होता. फाइलीच्या आरंभी ५१२ बाइटांची एक नोंदपट्टी होती. ५१२ ला तिनाने भाग जात नाही, दोन उरतात. म्हणून ती वगळल्याशिवाय तिनांचे गट नीट जुळत नव्हते. ती वगळली आणि सर ऐकू आले.

पण ते सर नव्हते. सातवीतला एखादा मुलगा भरभर गात असावा तसा तो आवाज होता. आम्ही हसलो आणि लगेच गप्प झालो. एकाच वाहिनीचा आवाज आम्ही दोन वाहिन्यांचा समजून वाजवीत होतो. त्यामुळे त्याचा वेग दुप्पट झाला होता आणि स्वर एक सप्तक वर चढला होता. आकडा दोनाचा एक केला. सेकंदाला १,३२,३०० बाइट या गतीने, त्या खोलीत, सरांचा भरदार आवाज त्यांच्या लयीत फिरू लागला.

पुढचे काम सोपे होते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली आणलेली वेव्ह फाइल कोणत्याही संगणकावर वाजते, आणि तिच्या साध्या रूपात आवाजाआधी ४४ बाइटांचा मजकूर असतो : वाहिन्या किती, नमुने किती, बिट किती. पायथन भाषेत आम्ही दोनेकशे ओळींचे सॉफ्टवेअर लिहिले. ते जुनी नोंदपट्टी काढते आणि हा मजकूर जोडते. आवाजाचा एकही बाइट बदलत नाही. फक्त पत्ता लिहिलेले नवे पाकीट चढवते.

क्रमांक ११ चे काय? थर चढविताना डबी जुन्या आणि नव्या आवाजाच्या आकड्यांची बेरीज करून ठेवते. बारा ही सात आणि पाचाची बेरीज की आठ आणि चाराची, हे नुसत्या बारावरून सांगता येत नाही. मात्र शेवटचा थर चढण्याआधीची एक प्रत डबी राखून ठेवते. नकलेत ती प्रत सापडली आणि तिच्यावरही आमचे सॉफ्टवेअर चालले. ‘बंद कर, बंद कर’ निघून गेले. ‘चालू झालं का रे’ मात्र राहिले, कारण ते त्या प्रतीच्याही आधीचे होते. मिसळलेले आवाज अंदाजाने वेगळे करणारी सॉफ्टवेअरे आज मिळतात. ती आम्ही वापरली नाहीत. सरांच्या आवाजात आमचा अंदाज मिसळावा, हे मनाला पटेना.

चौदाही फाइली घेऊन आम्ही काकूंकडे गेलो. झालेली चूक आधी सांगितली, मग आवाज ऐकविले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “गाणं कुठं हाय?” तोवर आमच्याही ध्यानात आले नव्हते. चौदा कप्प्यांत चाली होत्या, झीली होत्या. मुख्य गाणे एकाही ठिकाणी नव्हते. ते असणारही नव्हते. गाणे सर उभे राहून म्हणत. डबीत फक्त मागचा आधार भरलेला असे. ज्या जागी त्यांनी शब्द टाकायचे, तिथे नुसती गिटार वाजत होती.

काकू थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “झील हाय म्हणजे म्हणणारं कुणीतरी पायजे. शाळेत द्या हे.”

यंदाच्या १४ एप्रिलला सभागृहात आठवीतील एका मुलीने त्यावर गाणे म्हटले. पहिल्या फेरीत ती उशिरा आली, दुसऱ्या फेरीत नेमकी आली. झीलेसाठी ती थांबली की मागून सर येत होते.

सर्व फाइली, ते सॉफ्टवेअर आणि ते कसे चालवावे याचे मराठीतील एक पानी टिपण आता शाळेच्या ग्रंथालयातील संगणकात ठेवले आहे. डबी काकूंना परत केली. क्रमांक ११ च्या फाइलीसोबत आम्ही एक ओळ लिहून ठेवली आहे, ती येथेही नोंदवितो : यात मध्येच जो बोलतो, तो आवाज सरांचा नाही; आमचा आहे.