टिटवीचा वाफा

लासलगावचा माणूस परगावी गेला की त्याला प्रकृती विचारण्याआधी कांद्याचा भाव विचारतात. १९४७ साली स्थापन झालेल्या आमच्या बाजार समितीचा हा महिमा! पण निफाड ओलांडून गोदाकाठी गेले की दुसराच एक बाजार भरलेला असतो, आणि तिथे लिलाव पुकारावा लागत नाही. तो म्हणजे नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथला बिनपगारी राखणदार आहे. गळ्यात दुर्बीण, हातात काठी आणि अधिकार म्हणाल तर गोड बोलण्यापुरता!

गेल्या फाल्गुनात होळी झाल्यावर एका पहाटे चापडगावच्या बाजूने फेरीला निघालो. पाण्यावर पाहुण्यांची परतीची घाई चालली होती. चक्रवाकांना लडाख-तिबेटच्या सरोवरांची ओढ लागलेली, तलवार बदकांना आणखी उत्तरेची. मागे राहणार ती घरची मंडळी. चोचीच्या मुळाशी कुंकू आणि टोकाला हळद लावून हिंडणारे हळदीकुंकू बदक, पाण्यावरच्या पानांवरून अलगद चालणारा कमळपक्षी, पाणकणसांत कुरकुरणारी जांभळी पाणकोंबडी.

या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. भरतपूरला राजेरजवाडे बदकांची शिकार करीत. आमचे तळे मात्र शेतीसाठी झालेले. गोदावरी-कादवा संगमाजवळचा दगडी बंधारा इंग्रजी अमदानीतला, शंभर वर्षांहून जुना. त्याच्या कालव्यांतून पाणी कोपरगाव-राहात्याकडच्या शेतांना जाते. पुरांनी वर्षानुवर्षे गाळ आणला आणि बंधारा भरत गेला. इंजिनिअरच्या वहीत हे नुकसान. पण पाणी उथळ झाले, बेटे वर आली, पाणकणीस माजले आणि पक्ष्यांना घर मिळाले. १९८६ साली अभयारण्य झाले. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांविषयी करार झाला होता. त्या करारानुसार महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० साली याच जागेचे नाव जाहीर झाले. माणसाच्या वहीतली तूट पाखरांच्या खात्यावर जमा झाली ती अशी.

चालता चालता टिटवीचा आक्रोश कानी आला. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळावर एक शेतकरी ट्रॅक्टर घालीत होता आणि टिटवी त्याच्या डोक्यावर झेपा घेत होती. मी धावत गेलो. ढेकळांत, ढेकळांच्याच रंगाची चार अंडी!

"दादा, जरा थांबा!"

"काय गुरुजी, परवानगी बघायची काय?"

"माझ्या नव्हे, हिच्या परवानगीचं बघा."

त्याने अंडी पाहिली, पागोट्याने घाम पुसला आणि म्हणाला, "चाऱ्याचा मका टाकायचाय. तुमच्या पाखरांना सरकार हाय. माझ्या ढोरांना कोन हाय?"

आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले, पण या प्रश्नाचे उत्तर मला येईना. गाळ काढा म्हणणारा शेतकरी खोटा नाही. आणि गाळ सगळा गेला तर पाखरेही जातील, हेही खोटे नाही. मी गप्प उभा राहिलो. टिटवी मात्र गप्प बसेना.

शेवटी तोच म्हणाला, "किती जागा लागंल हिला?"

"कांद्याच्या एका वाफ्याएवढी."

"एकच वाफा? मंग दिला!"

त्याने चार काटक्या रोवल्या आणि ट्रॅक्टर वळसा घालून नेला.

चैत्रात पुन्हा गेलो. मका गुडघाभर झाला होता. मधला वाफा मोकळा होता आणि त्यात फुटक्या कवचांचे दोन-तीन तुकडे पडले होते. पिले दिसली नाहीत. पण मक्यात पाऊल टाकताच टिटवी माझ्या डोक्यावर ओरडत आली. पिले जवळच असली पाहिजेत, म्हणून मी मागे फिरलो. बांधावर तो शेतकरी विळ्याला धार लावीत बसला होता.

"गुरुजी," तो हसत म्हणाला, "आता ती मलाबी आत येऊ देत न्हाई!"

त्याने त्या दिवशीचा चारा दुसऱ्या टोकाकडून कापायला घेतला.