शाळेच्या पायरीवरचा डबा

पहाटे साडेचारला गाडी परळच्या चाळीखाली येऊन उभी राहिली. आई त्याआधीच जिन्यात येऊन बसली होती. मांडीवर गोळ्यांची पिशवी, बाजूला पाण्याची बाटली, तोंडाला जुन्या सुती साडीचा शिवलेला मास्क. तारीख होती १४ मे २०२०. एरवी आम्ही गावाला निघालो की अर्धी चाळ खाली उतरते, कुणी नारळ देतं, कुणी देवासाठी अगरबत्तीचा पुडा. त्या पहाटे कुणी खाली आलं नाही. गॅलरीच्या अंधारातून तीन-चार हात तेवढे हलले.

आई फेब्रुवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली होती. शिमग्याला परत जायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं आणि ती राहिली. ९ मार्चला कोकणात होळी पेटली आणि त्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले. मग दिवस भराभर पालटत गेले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच मध्यरात्री लोकल बंद झाली. पुरात लोकल थांबते हे आम्हाला ठाऊक होतं. आदेशाने थांबते हे पहिल्यांदा पाहिलं. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि अवघ्या चार तासांत सगळा देश घरात बंद झाला.

घरात बंद व्हायला आधी घर लागतं. आमची खोली दहा बाय बाराची, माणसं पाच, आणि अख्ख्या मजल्याला मिळून चार संडास. 'अंतर राखा' हे टीव्हीवर ऐकताना आई माझ्याकडे बघायची. तिला साखरेचा आजार. दर वेळी संडासला जाताना ती कडीला हात लावायची नाही, पदराने ओढायची. मेच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या चाळीत एक रुग्ण निघाला, तिथे बांबू आणि पत्रे ठोकले गेले. त्या रात्री आई म्हणाली, "माका माझ्या घराक जावचा आसा." आजवर तिने हट्ट म्हणून कधी काही मागितलं नव्हतं.

ई-पाससाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी दवाखान्याबाहेर खडूने काढलेल्या वर्तुळांत तीन तास उभा राहिलो. पहिले दोन अर्ज नामंजूर झाले, कारण कळलं नाही. तिसरा रात्री अकराला मंजूर झाला, चालक अधिक दोघे एवढ्याच माणसांसाठी. बायको-मुलं मागे राहिली. नीट निरोप घ्यायलाही वेळ नव्हता.

निघताना हाफकिन संस्थेच्या फाटकावरून गेलो. शाळेत असल्यापासून हे फाटक रोजच्या वाटेवरचं, पण त्या दिवशी तिथे नजर थांबली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातला पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार करून १८९७च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. त्या साथीतही लोक गाठोडी बांधून मुंबईतून गावाकडे पळाले होते आणि त्याच साथीसाठी १८९७चा साथरोग कायदा झाला होता. सव्वाशे वर्षांनी माझ्या खिशातला पास ज्या बंदोबस्तातून निघाला होता, त्याचा पायाही तोच कायदा होता. आमच्या पणजोबांना बहुधा याच रस्त्यावर कुणीतरी अडवलं असेल.

कळंबोलीला उजाडलं. रस्त्याच्या कडेने माणसं चालत होती. डोक्यावर बोचकी, हातात पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे, पाणी भरलेले. एका बाईच्या कडेवर झोपलेलं मूल होतं आणि तिच्या दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची होती. आणखी सगळं टाकून तिने खुर्चीच का घेतली असेल, हे मला आजही उमगलेलं नाही. बहुधा वाटेत सावली मिळेल तिथे कुणा म्हाताऱ्या माणसाला टेकायला. सहाच दिवसांपूर्वी, ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले होते. ड्रायव्हरकाकांनी गाडी हळू केली, डिकीतला बिस्किटांचा पुडा काढून दिला आणि पुढे ते एक शब्द बोलले नाहीत.

वडखळ, माणगाव, महाड. वडापावच्या गाड्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. एसटी थांबायची ती हॉटेलं कुलपात. फक्त आंब्याचे टेम्पो उलट्या दिशेने मुंबईकडे धावत होते. मे महिना म्हणजे हापूसचा भर, आणि वाशीचं मार्केट नेमकं त्याच आठवड्यात बंद ठेवलेलं. बागायतदार थेट सोसायट्यांच्या फाटकावर पेट्या उतरवत होते. माणसांना जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता, आंब्याला वाट मोकळी होती, आणि ती तशी असायलाच हवी होती. वर्षाच्या कर्जाचा हप्ता त्या पेट्यांतच होता.

पोलादपूर सोडलं आणि कशेडी घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची शेपटी दिसली. आम्ही तिथे सव्वाचार तास थांबलो. रत्नागिरी जिल्ह्याची हद्द. ऊन डोक्यावर. लोक गाडीतून उतरून झाडाखाली बसले होते, पण एरवी अशा रांगेत जी 'कुठले तुम्ही? गाव कोणतं?' अशी चौकशी सुरू होते, ती नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या खोकल्याकडे कान देऊन होता. एक पोलीस बाई, चेहऱ्यावर काचेसारखं प्लास्टिक, गाडीगाडीला जाऊन पास तपासत होती. आईला पाहून म्हणाली, "आजी, पाणी आहे ना? नसेल तर सांगा." मग हळूच म्हणाली, "माझी आई पण अशीच एकटी आहे, खेडला. दीड महिना झाला, बघितली नाही." खेड तिथून घाट उतरला की लागतं.

चिपळूण ओलांडून संगमेश्वरच्या पुढे गेलो, तेव्हा रेडिओवर बातम्या लागल्या. राज्यात रुग्णांचा आकडा २७ हजारांच्या वर, मृत्यू हजाराच्या पुढे. विधान परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक बिनविरोध, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आमदार झाले. २८ नोव्हेंबर २०१९ला शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहाचं सदस्य होणं त्यांना भाग होतं. त्यांना आमदार नेमण्याची मंत्रिमंडळाची शिफारस राज्यपालांकडे एप्रिलभर पडून होती आणि भर साथीत सरकार राहतं की जातं, याच्या चर्चा चालल्या होत्या. पुढची बातमी दिल्लीची: स्थलांतरित मजुरांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य मोफत. ड्रायव्हरकाकांनी आवाज कमी केला. म्हणाले, "सकाळच्या त्या बाईकडे रेडिओ नसेल." कळंबोलीनंतर ते पहिल्यांदाच बोलले.

खारेपाटणला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. इथून सिंधुदुर्ग सुरू होतो. लहानपणी एसटी हा पूल ओलांडायची तेव्हा झोपलेली पोरंसुद्धा जागी व्हायची. आता मांडवात टेबलं मांडली होती. नाव, गाव, वाडी, मोबाईल, कुठून आलात. कपाळासमोर थर्मामीटरची बंदूक. मग डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शिक्का. शाई मतदानाची, निवडणूक आयोगाने त्याला मार्चमध्येच परवानगी दिली होती. आईने हात दिव्याखाली धरून पाहिला. आजवर या शाईचा ठिपका तिच्या बोटावर लागायचा तो, तिचं मत मोजलं गेलं याची खूण म्हणून. आता तिच्यापासून लांब राहायची खूण म्हणून सगळा हात भरला होता. गाडीत तिने तो पदराखाली घेतला.

गावाच्या वेशीवर दोन माणग्याचे बांबू आडवे बांधले होते. बॅटरीचा झोत डोळ्यांवर आला. ग्रामकृती दलाची पोरं होती, त्यातला एक माझ्या चुलत्याचा नातू. तो जवळ आला नाही. लांबूनच म्हणाला, "काका, शाळेत जायचं. सरपंचवहिनी तिथेच आहेत."

खरं सांगतो, त्या बांबूंचा मला राग आला. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मी परळच्या चाळी-चाळींत फिरून गोळा केली होती. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एप्रिलमध्ये 'मुंबईकरांनी आहात तिथेच राहावे' असा संदेश ज्याने टाकला, त्याच्या मुलाला नोकरी लावायला मी स्वतः चार दारं झिजवली होती. पण आमच्या वाडीत घरं सतरा आणि त्यातल्या बहुतेक घरांत साठीच्या पुढची दोनच माणसं. आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर. त्यांची भीती खोटी नव्हती.

शाळेच्या फाटकाशी सरपंचवहिनी उभ्या होत्या. गावात दोन तट पडले होते, हे मला मागाहून कळलं. एकाचं म्हणणं, मुंबईकरांना रानातल्या मांगरात ठेवा. दुसऱ्याचं, ज्याचं घर आहे त्याने आपल्या घरात राहावं. ओळखीवर कुणी रात्रीचे घरात घुसत होते, त्यावरून भांडणं पोलीस पाटलांपर्यंत गेली होती. वहिनींनी सभेत एकच सांगितलं: येईल तो चौदा दिवस शाळेत, आणि सुरुवात माझ्या दिरापासून. त्यांचा दीर डोंबिवलीहून आला तो सरळ शाळेत गेला. मग बोलायला कुणाला तोंड उरलं नाही. त्या वेळी राज्यकारभार म्हणजे काय, हे मला मुंबईच्या बातम्यांपेक्षा या एका वाक्यात जास्त कळलं.

आम्हाला तिसरीचा वर्ग मिळाला. फळ्यावर अजून मार्चमधलाच वार होता. कोपऱ्यात चौकट करून लिहिलेलं: पट २०, हजर १८. खाली सुविचाराची ओळ अर्धी पुसलेली. भिंतीवर पाढे. बेंच एका बाजूला सारून आम्ही चटया टाकल्या. आईने आधी खिडकी उघडली. बाहेर फणसाचं झाड आणि त्याच्यापलीकडे, साधारण दोनशे पावलांवर, तिच्या घराचं कौलारू छप्पर. चौदा दिवस ती त्या छपराकडे बघत बसली. तुळशीला पाणी कोण घालतंय, एवढीच तिची चौकशी.

रोज सकाळी आशाताई यायची. ताप मोजायची, वहीत लिहायची, दारात उभी राहून आईला विचारायची, "काकी, झोप लागली?" कोरोनाच्या या कामाचे तिला केंद्राकडून महिन्याला हजार रुपये जादा मिळणार होते, दिवसाला तेहतीस. घरी गेल्यावर ती मागच्या दारी आंघोळ करून मगच लेकराला जवळ घ्यायची.

आणि रोज दुपारी पायरीवर डबा असायचा. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, कधी फणसाची भाजी. ठेवणारा हाक मारून मागे सरायचा. चौथ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. डबा ठेवणारा तोच होता, ज्याने तो संदेश टाकला होता. मला पाहून त्याने मान खाली घातली, मग हात वर केला. मीही केला. त्या संदेशाबद्दल आम्ही आजतागायत बोललेलो नाही, बोलायची गरजही पडली नाही.

२८ मेला वर्ग फिनेलने धुऊन आम्ही बाहेर पडलो. फळा मी पुसला नाही. आईने घराच्या खळ्यात पाऊल ठेवलं, पण उंबरा ओलांडण्याआधी तुळशीपाशी गेली आणि माती बोटाने उकरून ओली आहे ना ते पाहिलं. ओली होती.

दोन रात्रींनी वेशीवर पुन्हा गाडीचा दिवा दिसला. ठाण्याहून एक कुटुंब आलं होतं. मी बघायला रस्त्यावर गेलो. गाडीतून उतरलेला बाप्या माझ्या ओळखीचा. हसून पुढे आला आणि मी एक पाऊल मागे सरलो. अंगानेच सरलो, ठरवून नाही. माझ्या हातावरचा शिक्का अजून पुरता गेलेला नव्हता.

त्या रात्री मला फार वेळ झोप आली नाही. सकाळी आईने चुलीवर पेज चढवली होती, नेहमीपेक्षा मोठ्या टोपात. डबा भरून माझ्या हातात दिला. म्हणाली, "पायरीवर ठेव नि हाक मार. पण लगेच फिरू नको. तो बाहेर येईपर्यंत थांब."

मी थांबलो.